परवान्यावर खेळलेला विजेता

इसवी सन 1948 च्या सप्टेंबर महिन्यात हैदराबादचे निजामी राज्य संपुष्टात आले आणि भोकरदन तालुक्यातील आमचे हसनाबाद आसपासच्या खेड्यांसमवेत हिंदी संघराज्यात दाखल झाले. त्याच वर्षीच्या मे महिन्यात समुद्रापलीकडील दक्षिण आफ्रिकेत डॉ. मलान यांच्या नॅशनल पार्टीने निवडणूक जिंकली आणि माणसाच्या कातडीचा रंग पाहून त्याचे घर, त्याची शाळा आणि त्याने बसावयाचा बाकदेखील ठरविणारी राजवट तेथे स्थिर झाली. या दोन घटनांचा परस्परांशी कार्यकारणसंबंध काही नाही. परंतु ज्या मुलखात चार माणसे जमवून सभा भरवावयाची तर आधी सरकारी इजाजत काढावी लागे, आणि ‘गश्ती निशाण त्रेपन्न’ या परिपत्रकाचे नाव ज्या मुलखातील वडीलधाऱ्यांच्या तोंडी पुढे कित्येक वर्षे राहिले, त्या मुलखातील वाचकाला ही हकीकत परकी वाटू नये. एका माणसाला चेंडू मारण्यासाठी सरकारचा परवाना लागत होता. तो परवाना घेऊन तो जिंकला, आणि जिंकल्यामुळेच तो परवाना त्याच्या हातून गेला. त्या माणसाचे नाव सेवसंकर सेवगोलम. लोक त्याला पापवा म्हणत.

पापवा गोल्फ खेळत असे. हा खेळ आमच्या बाजूला कोणी खेळत नाही, म्हणून दोन शब्द त्याविषयी सांगणे भाग आहे. मोठ्या हिरव्या माळावर अठरा ठिकाणी लहान खळगे केलेले असतात. त्यांना ‘होल’ म्हणतात. काठीने चेंडू मारीत मारीत एकेका होलात घालावयाचा, चार दिवसांत असे बहात्तर होल पुरे करावयाचे, आणि ज्याचे फटके सर्वांत कमी तो अजिंक्य. येथे कुस्तीसारखा गुणांचा वाद नाही, पंचाच्या मर्जीचा प्रश्न नाही. केवळ मोजदाद आहे. खेळाडू गोरा की काळा, श्रीमंत की भिकारी, याची नोंद त्या फटक्यांच्या कागदावर उमटत नाही. परंतु ज्या माळावर हा कागद भरला जातो त्या माळाचे कुंपण ज्यांच्या ताब्यात, त्यांनी मात्र ही नोंद फार बारकाईने ठेवली. हिंदुस्थानात कलकत्त्याला 1829 साली आणि मुंबईला 1842 साली गोल्फचे क्लब निघाले ते गोऱ्या साहेबांसाठी. मुंबईत हिंदी आणि युरोपीय यांना एकत्र बसता यावे म्हणून विलिंग्डन क्लब निघाला तो पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस. अमेरिकेतील व्यावसायिक गोल्फपटूंच्या संघटनेच्या घटनेत तर सभासद गौरवर्णीयच असावा, असे कलम लेखी होते आणि ते 1961 पर्यंत टिकले.

पापवाचे पूर्वज दक्षिण आफ्रिकेतील नाताळच्या वसाहतीत कसे पोहोचले, ही कथा त्याच्या एकट्याची नाही. 16 नोव्हेंबर 1860 रोजी ‘ट्रुरो’ नावाचे जहाज मद्रासहून डर्बनच्या बंदराला लागले. तेव्हापासून 1911 पर्यंत एक लाख बावन्न हजारांहून अधिक हिंदी मजूर उसाच्या मळ्यांवर, रेल्वेवर आणि कोळशाच्या खाणींत कराराने नेण्यात आले. या करारालाच मजूर ‘गिरमिट’ म्हणत. पाच वर्षांची मुदत संपल्यावर जो मायदेशी परतत नसे आणि नवा करारही करीत नसे, त्याच्यावर वर्षाला तीन पौंडांचा कर बसविण्यात आला. आणि तीन पौंड म्हणजे एका मजुराची कित्येक महिन्यांची मिळकत. या प्रकरणाशी महाराष्ट्राचा संबंध वाटतो त्याहून निकटचा आहे. 1910 च्या फेब्रुवारीत व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात नाताळकडे मजूर पाठविणे बंद करावे, असा ठराव मांडणारे गृहस्थ पुण्याचे गोपाळ कृष्ण गोखले होते. आणि 1912 च्या अखेरीस प्रकृती ठीक नसतानाही ते स्वतः दक्षिण आफ्रिकेत गेले, गावोगाव हिंदी वस्त्यांतून हिंडले, बोथा आणि स्मट्स या मंत्र्यांना समक्ष भेटून तीन पौंडांच्या कराचा प्रश्न त्यांनी धसाला लावला. कर अखेर 1914 साली उठला. मजूर मात्र तेथलेच झाले होते. उमगेनी नदीच्या आसपास पत्र्याच्या झोपड्या टाकून, भाजी पिकवून आणि साहेबांच्या घरी चाकरी करून त्यांनी आपला संसार मांडला.

याच नदीच्या उत्तरेस, रिव्हरसाइड नावाच्या हिंदी वस्तीत, 1928 च्या सुमारास पापवाचा जन्म झाला. घरात दारिद्र्य होते. लिहिणे-वाचणे त्याला आयुष्यात कधी आले नाही. वस्तीपासून जवळच बीचवुड हा गोऱ्यांचा गोल्फ क्लब होता, आणि वस्तीतल्या पोरांना त्या कुंपणाच्या आत जाण्याची एकच वाट मोकळी होती, ती म्हणजे साहेबांच्या काठ्यांची पिशवी खांद्यावर वाहणाऱ्या कॅडीची. पापवा त्या वाटेने आत गेला. पिशवी वाहता वाहता त्याने खेळ पाहिला, आणि पाहिलेला खेळ तो लाकडाच्या काठीने स्वतः खेळू लागला.

येथे एक गोष्ट बारकाईने सांगितली पाहिजे, कारण तिच्यामुळे त्याची कीर्ती झाली. उजव्या हाताने खेळणारा प्रत्येक गोल्फपटू काठीच्या मुठीवर डावा हात वर आणि उजवा हात त्याच्या खाली धरतो. आमच्या गावातले पोर पहिल्यांदा दोन हातांनी दांडू उचलते तेव्हा हात उलटे पडले तर शेजारचा मोठा मुलगा ‘हात बदल’ म्हणून ओरडतो आणि पोराची सवय तेव्हाच सुधारते. पापवाला ‘हात बदल’ म्हणणारा कोणी भेटला नाही. त्याचा उजवा हात वर आणि डावा हात खाली असाच राहिला, मनगटे एकमेकांना ओलांडून गेली, आणि त्याच उलट्या मुठीने तो पुढे युरोपातील नामांकित खेळाडूंना हरवीत गेला. गोल्फ शिकविणारे गुरुजी आजही या पकडीने लांबचा फटका मारता येत नाही म्हणून सांगतात. त्यांचे शास्त्र चुकीचे आहे असे मी म्हणत नाही. परंतु शास्त्र शिकविणारा ज्याच्या वाट्याला आलाच नाही, त्या मुलाने आपल्या देहाशी एकट्यानेच सलोखा करून जे तंत्र सिद्ध केले, त्यापुढे मला नतमस्तक व्हावेसे वाटते.

बिगर-गोऱ्यांच्या स्पर्धा तेव्हा निराळ्या भरत. मैदाने ओबडधोबड, बक्षिसे तुटपुंजी, वृत्तपत्रांत चार ओळींची जागा. या स्पर्धांमध्ये पापवा पुन्हा पुन्हा जिंकला. आणि त्याचा तुल्यबळ प्रतिस्पर्धी होता केपटाउनचा इस्माइल चौगुले. चौगुले हे आडनाव वाचताच मराठी वाचक थबकेल, आणि ते योग्यच आहे: गेल्या शतकाच्या आधीपासून रत्नागिरी आणि कुलाबा जिल्ह्यांतील कोकणी मुसलमानांची कित्येक कुटुंबे केपटाउनला जाऊन स्थायिक झाली आणि अशी मराठी वळणाची आडनावे तेथे त्यांच्याबरोबर गेली. नाताळचा गिरमिट्याचा नातू आणि केपचा चौगुले, या दोघांच्या सामन्यांना गोऱ्यांच्या दप्तरात जागा नव्हती. परंतु ज्या लोकांनी ते पाहिले त्यांच्या दृष्टीने देशाचे अजिंक्यपद तेथेच ठरत होते.

पापवाचे नशीब उघडले ते ग्रॅहम वुल्फ या डर्बनच्या रसायनतज्ज्ञामुळे. पुढे जगभर खपलेल्या ‘ऑइल ऑफ ओले’ या मलमाचा जनक तोच. पापवा त्याच्या कारखान्यात काम करीत होता. या पोराचा खेळ पाहून वुल्फने मनाशी ठरविले की, आपल्या देशात याला जागा नसेल तर आपण त्याला जागा असेल तेथे नेऊ. आणि 1959 साली स्वतःच्या लहानशा विमानातून त्याला युरोपात नेले. एका गोऱ्या माणसाने एका हिंदी मजुरासाठी केलेले हे कार्य त्या काळी त्या देशात किती विलक्षण होते, हे आज आपल्या सहजी ध्यानात येणार नाही. त्या वर्षीची ब्रिटिश ओपन स्कॉटलंडमध्ये म्युअरफील्डला होती आणि ती गॅरी प्लेयर या दक्षिण आफ्रिकेच्याच गोऱ्या तरुणाने जिंकली. पापवाची तेथे डाळ शिजली नाही. परंतु तेथून तो हॉलंडला गेला आणि डच ओपन जिंकून मोकळा झाला. शाळेचे तोंड न पाहिलेला, उलट्या हाताने काठी धरणारा डर्बनचा कॅडी एका युरोपीय देशाचा अजिंक्यवीर ठरला. दक्षिण आफ्रिकेचे तत्कालीन पंतप्रधान डॉ. फेरवूर्ट, ज्यांना वर्णभेदाच्या इमारतीचे शिल्पकार म्हणतात, त्यांचा जन्म अॅम्स्टरडॅमचा. त्यांच्याच जन्मदेशाने पापवाला मुक्तपणे खेळू दिले आणि पदक दिले.

पुढच्या वर्षी, 1960 च्या मार्चमध्ये, शार्पव्हिल येथे पास बाळगण्याच्या सक्तीच्या कायद्याविरुद्ध जमलेल्या निःशस्त्र जमावावर पोलिसांनी गोळीबार केला आणि एकोणसत्तर माणसे मेली. त्याच वर्षी पापवाने डच ओपन दुसऱ्यांदा जिंकली. (पुढे 1964 साली तो ती तिसऱ्यांदाही जिंकला.) दोन वेळा एका राष्ट्राचे अजिंक्यपद मिळविणाऱ्या खेळाडूला त्याच्याच गावच्या क्लबात पाऊल टाकण्याची मुभा नसावी, ही विसंगती आता झाकून ठेवणे कठीण झाले. वृत्तपत्रांनी गिल्ला केला, आणि सरकारने त्याला गोऱ्यांच्या स्पर्धेत उतरण्याचे परवाने स्पर्धा पाहून पाहून देण्यास प्रारंभ केला. परवाना खेळापुरता असे. ‘ग्रुप एरियाज’ कायद्याप्रमाणे क्लबाची इमारत गोऱ्यांच्या मुलखात मोडत असल्यामुळे कपडे बदलावयाचे ते मोटारीत, जेवावयाचे तेही मोटारीत, आणि शेवटचा फटका मारून झाला की त्या जागेवरून निघून जावयाचे.

1963 च्या आरंभी डर्बन कंट्री क्लबवर नाताळ ओपन भरली, आणि या कथेतील सर्वांत प्रसिद्ध दिवस उगवला. शंभरांवर गोरे खेळाडू उतरले होते. त्यांत देशातील नामवंत व्यावसायिक होते. पापवा त्या सर्वांच्या पुढे राहिला. दक्षिण आफ्रिकेत गोऱ्यांच्या प्रांतिक स्पर्धेचे अजिंक्यपद पटकाविणारा तो पहिला बिगर-गोरा खेळाडू होता, आणि फटक्यांच्या कागदावर याविषयी कसलाही वाद संभवत नव्हता. मग बक्षीस समारंभाची वेळ झाली आणि आकाशातून पाऊस कोसळू लागला. हरलेले खेळाडू क्लबाच्या इमारतीत होते. जिंकलेल्या माणसाला त्या इमारतीत घेणे कायद्याने गुन्हा होता. तेव्हा विजेत्याला बाहेर, भर पावसात, करंडक देण्यात आला. त्या प्रसंगाचे छायाचित्र जगातील वृत्तपत्रांत झळकले. भिजलेला, अंगाने लहानसा, सावळा पापवा हातात करंडक घेऊन उभा आहे. त्याच्या चेहऱ्यावर राग नाही, अवघडलेपण आहे, जणू आपण जिंकून कोणाची तरी पंचाईत केली असे त्याला वाटत असावे. ते छायाचित्र पाहताना माझ्या मनात जो संताप येतो तो त्याच्या या अवघडलेपणामुळे अधिक येतो.

परंतु हा संताप आपल्याला शोभावा म्हणून आपण आपल्याच पुण्याकडे एकदा पाहिले पाहिजे. रत्नागिरी जिल्ह्यातील पालवण गावचे नाव लावणारा, चर्मकार समाजात जन्मलेला पालवणकर बाळू, पुण्यात प्रथम पारशांच्या आणि नंतर गोऱ्या साहेबांच्या क्लबावर खेळपट्टी लाटण्याची नि झाडण्याची चाकरी करीत होता. पगार महिना तीन-चार रुपये. जे. जी. ग्रेग हा इंग्रज फलंदाज सरावासाठी त्याला गोलंदाजी करावयास लावी, आणि त्या सरावातून हिंदुस्थानातील पहिला थोर फिरकी गोलंदाज घडला. हिंदूंच्या संघाला साहेबांना हरवावयाचे होते म्हणून त्यांनी बाळूला संघात घेतले. परंतु चहाची वेळ झाली की बाकीचे गडी पॅव्हिलियनमध्ये चिनी मातीच्या पेल्यांतून चहा पीत आणि बाळूला तो पॅव्हिलियनबाहेर मातीच्या भांड्यातून दिला जाई. 1906 साली मुंबईत हिंदूंनी युरोपियनांना धूळ चारली तेव्हा बाळू संघात होता. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने 114 बळी घेतले. तथापि हिंदूंच्या संघाचे कर्णधारपद त्याला कधीच मिळाले नाही. ते अखेर मिळाले त्याचा धाकटा भाऊ विठ्ठल याला, 1923 साली. डर्बनला कुंपण घालणारा कायदा सरकारी राजपत्रात छापलेला होता. पुण्याला कुंपण घालणारा कायदा कोठे छापलेला नव्हता, आणि म्हणून तो कोणा सरकारने रद्द करण्याजोगाही नव्हता. पापवाच्या छायाचित्राने जग हादरले. बाळूच्या मातीच्या भांड्याचे छायाचित्र कोणी काढले नाही. दोन्ही अपमान एकाच जातीचे होते, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि पहिल्याविषयी बोलताना दुसऱ्याविषयी मौन पाळणे मराठी लेखकाला शोभत नाही.

1963 सालीच पापवा दक्षिण आफ्रिकन ओपनमध्ये दुसरा आला, आणि ब्रिटिश ओपनमध्ये त्याने तेरावे स्थान मिळविले. पुढच्या वर्षी टोकियो ऑलिंपिकचे दक्षिण आफ्रिकेला दिलेले निमंत्रण रद्द झाले. डर्बनच्या पावसातील त्या छायाचित्राने दक्षिण आफ्रिकेवरील क्रीडा-बहिष्काराच्या चळवळीला जे बळ दिले ते शंभर भाषणांनी दिले नसते. सरकारला आता पापवा हा केवळ गोल्फपटू राहिला नव्हता, तो आपल्याविरुद्धचा चालताबोलता पुरावा वाटू लागला.

हा पुरावा 1965 च्या आरंभी दुप्पट बळकट झाला. त्या वर्षीच्या नाताळ ओपनमध्ये गॅरी प्लेयर खेळत होता. प्लेयर म्हणजे कोण, तर त्याच वर्षी पुढे अमेरिकन ओपन जिंकून जगातील चारही मोठी अजिंक्यपदे मिळविणारा, त्या पंक्तीतला तोपर्यंतचा तिसराच गोल्फपटू. अशा प्लेयरला पापवाने मागे टाकले आणि नाताळ ओपन दुसऱ्यांदा जिंकली. प्लेयरने पुढच्याच वर्षी प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात वर्णभेदाचे समर्थन केले होते. पुढे वयाने आणि अनुभवाने त्याचे मत पालटले आणि तसे त्याने उघड सांगितले, हेही न्यायबुद्धीने नमूद केले पाहिजे. परंतु मत पालटावयाला प्लेयरजवळ वेळ होता. तो खेळत राहिला, जिंकत राहिला. पापवाजवळ वेळ नव्हता. 1965 च्या फेब्रुवारीत एक जाहीरनामा निघाला आणि खेळाच्या मैदानावर भिन्न वर्णांच्या खेळाडूंनी नि प्रेक्षकांनीसुद्धा परवान्यावाचून एकत्र येणे बेकायदा ठरले. परवाना देणे न देणे मंत्र्याच्या हाती होते, आणि पापवाच्या अर्जावर ‘नामंजूर’ हा एकच शेरा पडू लागला. ज्या मैदानावर तो अजिंक्य ठरला होता त्या मैदानाच्या दोरीबाहेर उभे राहून खेळ पाहण्याचीही त्याला बंदी झाली. पुढे त्याचा पासपोर्टही काढून घेण्यात आला, म्हणजे हॉलंडची वाटही बंद झाली.

गोल्फच्या खेळाडूची उमेद पस्तिशीनंतरही टिकते आणि चाळिशीपलीकडेही चालू राहू शकते. पापवाच्या हातून नेमकी तीच वर्षे काढून घेतली गेली. त्याचा हात कोणी मोडला नाही, त्याला तुरुंगात घातले नाही. त्याचे अर्ज तेवढे फेटाळले. उत्तम खेळाडूचा नाश करावयाला एवढे पुरेसे असते, हे त्या राजवटीच्या कारकुनांना चांगले ठाऊक होते. ज्याला दुसरी विद्या नाही, अक्षरओळख नाही, असा तो माणूस हलाखीत दिवस काढीत राहिला आणि 1978 साली हृदयविकाराने वारला. त्याचे वय पन्नाशीच्या आत-बाहेर होते. त्याच्या मृत्यूच्या दोन वर्षे आधी व्हिन्सेंट त्शाबालाला हा दक्षिण आफ्रिकेचा कृष्णवर्णीय खेळाडू फ्रेंच ओपन जिंकला होता. पापवाने उघडलेली वाट अगदीच ओस पडली नव्हती.

वर्णभेदाचे राज्य 1994 साली बुडाल्यावर नव्या सरकारने पापवाला मरणोत्तर राष्ट्रीय सन्मान दिला, आणि डर्बनमध्ये उमगेनीच्या काठचे एक सार्वजनिक गोल्फचे मैदान त्याच्या नावाने ओळखले जाऊ लागले. निवृत्त न्यायाधीश क्रिस निकल्सन यांनी त्याचे चरित्र लिहून त्या काळातील कागदपत्रे उजेडात आणली. हिंदुस्थानातही कॅडींच्या पोरांनी हा खेळ साहेबांच्या हातून घेतला: दिल्लीच्या मैदानावर काठ्या वाहून मोठा झालेला अली शेर 1991 साली इंडियन ओपन जिंकला, आणि व्यावसायिक हिंदी खेळाडूने ती स्पर्धा जिंकण्याची ती पहिली वेळ होती.

पापवाचे चरित्र असे लिहिले गेले, ते उत्तम झाले. परंतु त्याच्याशी बरोबरीने झुंजलेल्या केपटाउनच्या चौगुल्यांचे काय? कोकणातून निघालेल्या त्या घराण्यांच्या आठवणी, जुनी कात्रणे, बिगर-गोऱ्यांच्या स्पर्धांचे निकाल, घरोघरी फोटोंच्या पेट्यांत पडलेली पदके, ही सामग्री केपटाउनला आणि रत्नागिरी-रायगडच्या गावांत विखुरलेली असणार. आमच्या विद्यापीठांतील इतिहासाच्या तरुण अभ्यासकांना माझी विनंती आहे की, त्यांच्यापैकी कोणीतरी हे काम हाती घ्यावे आणि लवकर घ्यावे, कारण त्या सामन्यांना हजर असलेली माणसे आता फार थोडी उरली आहेत.